केंद्र बंद होण्याची वेळ

राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत दूरचित्रवाणीचं उद्घाटन झालं, तेव्हा ती आठवड्यातून दोनदा लागायची आणि तासाभरात संपायची. जागा आकाशवाणीची, माणसं आकाशवाणीची, यंत्रसामग्री युनेस्को आणि फिलिप्सच्या कृपेने आलेली. घरोघरी संच असण्याचा प्रश्नच नव्हता. दिल्ली आणि आसपासच्या वस्त्यांत सरकारने ‘टेली-क्लब’ काढले होते. तिथे ठरल्या वेळी जमायचं, ठरला कार्यक्रम पाहायचा, त्यावर चर्चा करायची आणि घरी जायचं. पु. ल. देशपांडे त्या सुरुवातीच्या काळात तिथे निर्माते होते. बीबीसीत जाऊन ते हे नवं तंत्र शिकून आले होते. पुलंसारखा माणूस हाताशी असूनही माध्यमाला काम होतं ते आठवड्याला दोन तासांचं.

रोजचं प्रक्षेपण सुरू व्हायला १५ ऑगस्ट १९६५ उजाडावा लागला, आणि तेही रोज तासाभराचंच. टीव्ही ही श्रीमंतांची चैन आहे, देशाकडे परकीय चलन नाही, आधी धान्य की आधी चित्रं, असा एकूण सूर होता. आज आपण ज्याला ‘स्क्रीन टाइम’ म्हणतो त्याची मर्यादा तेव्हा कुणाच्या आईने किंवा डॉक्टरने घातलेली नव्हती. ती नियोजन आयोगाच्या टेबलावर ठरत होती. पुढच्या तीस वर्षांची गोष्ट ही मर्यादा कशी सरकत गेली याचीच आहे, आणि ती सांगताना एक गोष्ट आधीच कबूल करावी लागते. त्या काळातला संयम आपला नव्हता. तिजोरीत पैसा नव्हता म्हणून तो आपल्या वाट्याला आला होता.

टीव्ही म्हणजे चैन, या सुराला एक सन्माननीय अपवाद होता, अवकाशशास्त्रज्ञ विक्रम साराभाईंचा. टीव्ही चैन असेल तर ती शहरांची. खेड्यासाठी ती गरज आहे आणि म्हणून ती आधी खेड्यात गेली पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. ते १९७१च्या डिसेंबरात गेले, पण त्यांच्या कल्पनेतला ‘साइट’ प्रयोग १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असा बरोबर एक वर्ष चालला. अमेरिकेने आपला एटीएस-६ हा उपग्रह तेवढ्यापुरता उसना दिला होता. राजस्थान, बिहार, ओरिसा, मध्य प्रदेश, आंध्र आणि कर्नाटक या सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत जाळीच्या मोठ्या छत्र्या उभ्या राहिल्या. दिवसाला चार तास कार्यक्रम: दीड तास सकाळी शाळेतल्या मुलांसाठी, अडीच तास संध्याकाळी गावासाठी. महाराष्ट्र त्यात नव्हता. वर्ष संपलं, उपग्रह त्याच्या मालकाने परत नेला आणि प्रयोग थांबला. पडद्याची सवय लागल्यावर पडदाच काढून घेतला गेला, असं त्यानंतर आपल्याकडे इतक्या मोठ्या प्रमाणावर पुन्हा कधी घडलं नाही.

महाराष्ट्रात टीव्ही आला तो मात्र थेट महानगरात. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं, देशातलं दुसरं. दिल्लीनंतर तेरा वर्षांनी. पुढच्या वर्षी सिंहगडावरच्या मनोऱ्यामुळे मुंबईचं चित्र पुण्यात दिसू लागलं. बाकी महाराष्ट्राला हे सगळं वर्तमानपत्रातच वाचावं लागत होतं. विदर्भ-मराठवाड्यातल्या कित्येकांनी टीव्ही पहिल्यांदा पाहिला तो मुंबईला आत्याकडे किंवा मामाकडे सुट्टीला गेल्यावर.

मुंबई केंद्राचा दिवस म्हणजे संध्याकाळचे काही तास. त्या तासांत मराठी, हिंदी, गुजराती आणि इंग्रजी या चौघींनी दाटीवाटीने राहायचं. शेतकऱ्यांसाठी ‘आमची माती आमची माणसं’, मुलांसाठी ‘किलबिल’, गृहिणींसाठी ‘सुंदर माझं घर’, गुजराती मुलांसाठी ‘संताकुकडी’, कामगारांसाठी ‘कामगार विश्व’, साहित्यिकांसाठी ‘प्रतिभा आणि प्रतिमा’, हसण्यासाठी ‘गजरा’. बातम्या वाचायला भक्ती बर्वे, स्मिता पाटील, विश्वास मेहेंदळे, प्रदीप भिडे, अनंत भावे. स्मिता पाटील जीन्सवरच साडी गुंडाळून बातम्या वाचायला बसत, ही गोष्ट इतक्या वेळा सांगितली गेली आहे की तिला आता लोककथेचा दर्जा मिळाला आहे. शनिवारी मराठी चित्रपट, रविवारी हिंदी, गुरुवारी ‘छायागीत’. यातलं प्रत्येक आठवड्यातून एकदाच यायचं. हुकलं की हुकलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात किंवा शाळेत कुणी तरी सांगेल तेवढंच.

म्हणूनच ‘साप्ताहिकी’ या कार्यक्रमाला मान होता. त्यात पुढच्या आठवड्यात काय काय लागणार आहे हे निवेदिका सांगायची. बस्स, एवढंच. तरी लोक वही-पेन घेऊन बसत. कुठल्या दिवशी कुठलं नाटक, शनिवारचा सिनेमा कुठला, हे टिपून घेतलं जाई, आणि मग आठवड्याचं वेळापत्रक त्याभोवती आखलं जाई. पाहुण्यांकडे जायचं तर गुरुवारी नको, आणि आपल्याकडे टीव्ही नसेल आणि त्यांच्याकडे असेल तर गुरुवारीच.

चाळीत किंवा सोसायटीत ज्याच्या घरी संच, त्याच्या घराला संध्याकाळी दार नसे. संच म्हणजे लाकडी कपाटच. त्याला पुढून सरकणारी शटर, शटरला कुलूप, वर क्रोशाचा रुमाल आणि त्यावर फुलदाणी. टेलिव्हिस्टा, वेस्टन, क्राउन, ईसी, बुश ही नावं सोन्याच्या पेढ्यांसारखी आदराने घेतली जात. बाजूला स्टॅबिलायझर, आणि काही उत्साही घरांत काळ्या-पांढऱ्या काचेवर चिकटवलेला रंगीत प्लास्टिकचा कागद. त्यातून वरचा भाग निळा आणि खालचा हिरवा दिसायचा, मग चित्रात आभाळ आणि गवत असो की वसंतराव देशपांडे असोत. गच्चीवरचा अँटेना वाऱ्याने फिरला की एक मुलगा वर, एक जिन्यात आणि एक घरात अशी साखळी लागे. “आलं का?” “नाही, अजून मुंग्या आहेत.” “आता?” “थांब, थांब, हलू नकोस!” मध्येच पडद्यावर ‘व्यत्यय’ अशी पाटी यायची, आणि लोक ती पाटीही न कंटाळता पाहत बसायचे. काही घरमालक सिनेमाच्या दिवशी मुलांकडून चार आणे घेत. बहुतेक जण चहाही पाजत. संचासाठी वर्षाकाठी परवाना काढावा लागे, त्याचे पैसे पोस्टात भरावे लागत. पाहण्याला परवाना, पाहण्याला वेळ आणि पाहण्याला शेजारी, असा तो मामला होता.

रात्री ठरल्या वेळी निवेदिका निरोप घ्यायची आणि प्रक्षेपण संपायचं. पडद्यावर नुसतं खरखरणारं पांढरं-काळं उरलं की घरमालक शटर ओढून घ्यायचा, सतरंजी गुंडाळली जायची, आणि शेजारी चपला शोधत आपापल्या खोल्यांत परतायचे. टीव्ही बंद कर म्हणून कुणाला ओरडायची गरज पडत नसे. वरळीतल्या मुंबई केंद्राने ते काम सगळ्या शहरासाठी एकदमच करून टाकलेलं असे.

याच काळात मराठी माणसाला मालिकेची पहिली चव मिळाली. चिं. वि. जोशींच्या कथांवरून ‘चिमणराव’ १९७७च्या सुमारास सुरू झाली. दिलीप प्रभावळकर चिमणराव, बाळ कर्वे गुंड्याभाऊ. देशातल्या अगदी सुरुवातीच्या दूरचित्रवाणी मालिकांत तिची गणना होते. आज तिचे फार थोडे भाग पाहायला मिळतात. टेप महाग होत्या. एकावर दुसरं चित्रण करायचं ही रीतच होती. मुंबई दूरदर्शनच्या पहिल्या पिढीचं कितीतरी काम असं पुढच्या कार्यक्रमाखाली गाडलं गेलं. त्या वेळी ते कुणाला अक्षम्य वाटलं नाही, याचं आज आश्चर्य वाटतं.

वेळ देणाऱ्याच्या हाती वेळ काढून घेण्याचीही ताकद असते, हे दिल्लीकरांनी १९७७मध्ये पाहिलं. आणीबाणी शिथिल झालेली, निवडणूक जाहीर झालेली. रविवार, ६ फेब्रुवारीला रामलीला मैदानावर जयप्रकाश नारायण आणि जगजीवनराम यांची सभा होती. त्याच संध्याकाळी दूरदर्शनवर चित्रपट होता राज कपूरचा ‘बॉबी’. एरवी रविवारी जुनेपुराणे सिनेमे दाखवणाऱ्या दूरदर्शनने इतका ताजा आणि इतका गाजलेला चित्रपट त्याच दिवशी का काढला, हे कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती. लोक घरी बसावेत म्हणून डिंपल कपाडियाला कामाला लावलं होतं. आणि लोक तरीही मैदानावर गेले, लाखोंच्या संख्येने. पडद्याने माणसाला घरात डांबून ठेवता येईल हा सरकारचा अंदाज त्या दिवशी सपशेल चुकला. मला वाटतं तो फक्त पंधरा-वीस वर्षं आधी केला गेला होता.

तोवर दूरचित्रवाणी आकाशवाणीपासून वेगळी होऊन १ एप्रिल १९७६पासून ‘दूरदर्शन’ या नावाने स्वतंत्र झाली होती. पण खरा पालट केला तो विदर्भातल्या एका राजकारण्याने. वसंत साठे १९८०मध्ये माहिती आणि प्रसारण मंत्री झाले. रंगीत टीव्हीचा त्यांनी धरलेला आग्रह सुरुवातीला टिंगलीचा विषय होता: ज्या देशात अर्ध्या लोकांना दोन वेळचं जेवण नाही, तिथे रंग कसले पाहता? साठे हटले नाहीत. १९८२च्या नोव्हेंबरात दिल्लीत आशियाई खेळ होते आणि त्या निमित्ताने सगळी दारं उघडली. १५ ऑगस्ट १९८२पासून रंगीत प्रक्षेपण आणि त्याबरोबरच दिल्लीहून देशभर एकच ‘राष्ट्रीय कार्यक्रम’ सुरू झाला. त्या एप्रिलमध्ये सोडलेला इन्सॅट-१ए उपग्रह सप्टेंबरातच निकामी झाला. पुढच्या वर्षी इन्सॅट-१बी आला आणि टिकला. १९८४मध्ये काही महिने तर असे गेले की देशात जवळजवळ रोज एक नवा ट्रान्समीटर सुरू होत होता. मुंबई-पुण्यापलीकडच्या महाराष्ट्रात टीव्ही खऱ्या अर्थाने पोहोचला तो तेव्हा.

त्याची किंमत मराठीने मोजली. रात्रीची सगळ्यांत भरवशाची वेळ, जेवणं आटोपून घरदार एकत्र बसण्याची, ती दिल्लीकडे गेली. मुंबई केंद्राचे मराठी कार्यक्रम त्याच्या आधीच्या वेळेत, म्हणजे चाकरमानी अजून लोकलमध्ये लटकत असताना. ज्यांनी ‘गजरा’ जेवणानंतर पाहिला होता त्यांना आता त्या जागी हिंदी-इंग्रजी बातम्या दिसू लागल्या. याबद्दल मद्रासमध्ये मोठी ओरड झाली. आपल्याकडे पत्रं लिहिली गेली. मराठी माणसाचा निषेध बहुधा वाचकांच्या पत्रव्यवहारातच संपतो.

साठ्यांच्या काळात आणखी एका कल्पनेचं बी पडलं होतं. मेक्सिकोत कुटुंबनियोजनासारखे विषय मालिकांतून लोकांच्या गळी उतरवतात, हे त्यांनी पाहिलं होतं. त्यातून ७ जुलै १९८४ला मनोहर श्याम जोशी यांनी लिहिलेली ‘हम लोग’ सुरू झाली. प्रायोजक होता मॅगी नूडल्स. दीडशेच्या वर भाग. शेवटी अशोककुमार येऊन दोन शब्द बोलायचे. कुटुंबनियोजनाचा संदेश किती पोहोचला हा वादाचा मुद्दा आहे. दोन मिनिटांत होणाऱ्या शेवया मात्र घराघरांत पोहोचल्या. जाहिरातदारांना कळलं की लोकांची संध्याकाळ विकत घेता येते. याच सुमारास टीव्हीचा परवाना रद्द झाला. प्रेक्षकाने पैसे देणं थांबलं आणि प्रेक्षकाचे पैसे येणं सुरू झालं, आणि त्या दिवसापासून दूरदर्शनला लवकर बंद होण्यात काही फायदा उरला नाही.

मग ‘रामायण’. २५ जानेवारी १९८७ ते ३१ जुलै १९८८, अठ्ठ्याहत्तर भाग, रविवारची सकाळ. त्याच्या कथा सर्वांना पाठ आहेत: ओस पडलेले रस्ते, टीव्हीला घातलेले हार, वीज गेली म्हणून वीज मंडळाच्या कार्यालयावर गेलेले लोक. पाठोपाठ २ ऑक्टोबर १९८८ला ‘महाभारत’. इथे लक्षात घेण्यासारखी गोष्ट गर्दीची नाही, वेळेची आहे. टीव्हीने रविवार सकाळ काबीज केली. त्यानंतर महिन्याभरातच, २३ फेब्रुवारी १९८७पासून, रोज सकाळचं प्रक्षेपणही सुरू झालं. २६ जानेवारी १९८९पासून दुपारचंही झालं. संध्याकाळच्या काही तासांचा पाहुणा आता सकाळी चहाला, दुपारी वामकुक्षीला आणि रात्री जेवायला, असा तिन्ही त्रिकाळ येऊ लागला. तरीही रात्री तो उठून जात होता. तेवढं पथ्य त्याने अजून सोडलं नव्हतं.

ते सुटलं १९९१मध्ये. जानेवारीत आखाती युद्ध पेटलं आणि सीएनएनने बगदादवरची क्षेपणास्त्रं थेट दाखवली. मुंबईतल्या मोठ्या हॉटेलांनी छत्र्या बसवल्या. गल्लीतले केबलवाले तोवर व्हिडिओ कॅसेट लावून वायरने घरोघर सिनेमे पोहोचवत होते. त्यांनीही छत्र्या घेतल्या. त्याच वर्षी हाँगकाँगहून स्टार आला. २ ऑक्टोबर १९९२ला झी टीव्ही सुरू झाला, मुंबई केंद्राच्या वाढदिवशी, बरोबर वीस वर्षांनी. (मुंबई केंद्र, ‘महाभारत’ आणि झी, तिन्ही २ ऑक्टोबरचे. गांधीजींना यातलं काय आवडलं असतं?) केबलची वायर झाडावरून, विजेच्या खांबावरून, शेजारच्या गॅलरीतून खिडकीत शिरली. एक वाहिनी थांबली तर दुसरी सुरू, दुसरी थांबली तर तिसरी. केंद्र बंद होण्याची वेळ नाहीशी झाली, आणि त्या दिवशी कुणी तिचा निरोपही घेतला नाही.

त्यानंतरची वीस वर्षं भराभर सांगता येतात. ‘दामिनी’ने दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर मराठीत रोजच्या मालिकेचा पायंडा पाडला. १९९९च्या १५ ऑगस्टला अल्फा मराठी आली, तिच्यावर ‘आभाळमाया’. वर्षभरात ई टीव्ही मराठी, तिच्यावर ‘चार दिवस सासूचे’, जी तीन हजारांहून जास्त भाग चालली. चार दिवसांची अशी अकरा-बारा वर्षं झाली. ३ जुलै २०००ला रात्री नऊ वाजता अमिताभ बच्चन ‘कौन बनेगा करोडपती’ घेऊन बसले आणि नऊचा ठोका सगळ्या देशाचा झाला. २००४मध्ये आदेश बांदेकर ‘होम मिनिस्टर’ घेऊन संध्याकाळी वहिनींच्या दारात उभे राहिले, आणि दिवेलागणीची वेळही गेली. पूर्वी त्या वेळेला पोरं परवचा म्हणत. आता पैठणी कुणाला मिळाली ते पाहू लागली. यात वाहिन्यांचा दोष काढायला मी बसलेलो नाही. दिवसभर राबणाऱ्या बाईला तिच्याच नावाचा, तिच्याच घरातला अर्धा तास मिळाला होता, आणि तो तिला दुसऱ्या कुणी दिला नव्हता.

आता मात्र एक नवी गरज निर्माण झाली. वाहिन्या शेकड्यांनी, जाहिरातीचे पैसे कोटींनी. मग कोण किती वेळ काय पाहतं ते मोजायला हवं. निवडक घरांत टीव्हीला यंत्र जोडायचं, घरातल्या प्रत्येकाला रिमोटवर एक बटण द्यायचं, समोर बसताना ते दाबायचं आणि उठताना पुन्हा दाबायचं. आईचं एक, बाबांचं दोन, आजीचं तीन. या घरांची यादी गुप्त असली पाहिजे ही पहिली अट. २००१मध्ये मुंबईतली ती यादीच फुटली. पुढे २०१५पासून प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या बार्क या संस्थेची नवी मोजणी आली, तर २०२०च्या ऑक्टोबरात मुंबई पोलिसांनी टीआरपीच्या कथित घोटाळ्याचा गुन्हा दाखल केला: आरोप असा की यंत्रं असलेल्या काही घरांना ठरावीक वाहिनी लावून ठेवण्यासाठी पैसे दिले जात होते. कुणी पाहत असो वा नसो, टीव्ही चालू पाहिजे. ज्या शहरात एके काळी टीव्ही पाहायला चार आणे पडत, तिथे तो नुसता चालू ठेवायला कुणी पैसे देतं, असा आरोप व्हायलाही पन्नास वर्षं पुरी लागली नाहीत.

पण पोलीस ही भानगड उपसत होते तेव्हा पडदा खिशात जाऊन चार वर्षं झाली होती. दूरसंचार नियामक ‘ट्राय’च्या आकड्यांनुसार २०१४मध्ये भारतातला एक ग्राहक महिन्याला सरासरी सुमारे ६२ एमबी डेटा वापरत होता. ५ सप्टेंबर २०१६ला जिओ आलं, सुरुवातीचे महिने फुकट. आज ती सरासरी महिन्याला वीस जीबीच्या पुढे आहे, म्हणजे दहा वर्षांत तीनशे पटींहून जास्त. इतक्या वेगाने या देशात महागाईसुद्धा वाढलेली नाही. २०२०च्या जूनअखेर टिकटॉकवर बंदी आली, तर दहा दिवसांत इन्स्टाग्रामने भारतात रील्स सुरू केले. रीळ खरं तर संपणारी वस्तू आहे. सिनेमाच्या ऑपरेटरला ती बदलावी लागायची. ही नवी रील्स संपत नाहीत. अंगठा खालून वर सरकवला की पुढची.

त्याच वर्षी करोनाच्या टाळेबंदीत दूरदर्शनने २८ मार्चपासून ‘रामायण’ पुन्हा दाखवलं आणि प्रेक्षकसंख्येचे विक्रम मोडले. आणि त्याच वर्षी एक अशी गोष्ट घडली जी आधीच्या साठ वर्षांत घडली नव्हती: मुलांसाठी पडदा सक्तीचा झाला. शाळा मोबाईलवर भरली. ज्यांच्याकडे मोबाईल नव्हता त्यांच्यासाठी जुलैत सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही मालिका आली, आणि ती चांगली होती. पण ज्या फोनला हात लावला म्हणून मुलाला धपाटा बसायचा, तोच फोन बापाने कर्ज काढून त्याच्या हातात दिला. शाळा पुन्हा सुरू झाल्यावर तो परत मागणं बापाला जमेना.

सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यातलं मोहित्यांचे वडगाव हे तीनेक हजार वस्तीचं, उसाच्या पट्ट्यातलं गाव इथे इतिहासात शिरतं. मुलं वर्गात येतात पण लिहीत नाहीत, घरी पुस्तक उघडत नाहीत, अशी शिक्षकांची तक्रार होती. सरपंच विजय मोहिते यांनी १४ ऑगस्ट २०२२ला महिलांची ग्रामसभा घेतली. ठरलं ते असं: रोज संध्याकाळी सात वाजता भैरवनाथाच्या देवळावरचा भोंगा वाजेल, तो वाजला की गावातले टीव्ही आणि मोबाईल बंद, साडेआठला तो पुन्हा वाजेल तेव्हा सुरू. मधला दीड तास मुलांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचं किंवा एकमेकांशी बोलायचं. सुरुवातीला लोक हसले. मग आशा सेविका, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी आणि निवृत्त शिक्षक घरोघर फिरले, सांगितलं, समजावलं. जिथे मालिका बंद व्हायची होती तिथे ठराव बायकांनी केला होता, हे माझ्या मते या योजनेतलं सगळ्यांत शहाणपणाचं पाऊल. बाप्यांनी केला असता तर पहिल्याच संध्याकाळी मोडला असता.

बातमी देशभर गेली, परदेशी वाहिन्यांवर गेली. म्हणजे वडगावकरांनी पडदा बंद केला आणि जगाने ते पडद्यावर पाहिलं. त्याच नोव्हेंबरात यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसद तालुक्यातल्या बांशी गावाने आणखी कडक पाऊल उचललं: अठरा वर्षांखालच्या मुलांना मोबाईलबंदीचाच ठराव. शहरातल्या लोकांना यात दंडेली दिसली, आणि बांशीच्या बाबतीत ती शंका अगदीच गैर नाही. वडगावचं मात्र वेगळं आहे. तिथे रोजचे दीडच तास ठरवले गेले, सगळ्यांसाठी एकदम, लहानथोर न पाहता. एकट्याने टीव्ही बंद करणाऱ्याला शेजारच्या घरातला आवाज ऐकू येतो आणि मोह होतो; सगळ्यांचाच बंद असेल तर मोह कशाचा? वरळीच्या केंद्रापाशी एके काळी होता तो अधिकार एका ग्रामसभेने, उधारीच्या उपग्रहाशिवाय आणि मंत्रालयाच्या आदेशाशिवाय, स्वतःकडे घेतला.

आपण रोज पडद्यापुढे नेमके किती वेळ असतो, हे सरकारला जाणून घ्यावंसं वाटलं ते बऱ्याच उशिरा. माणसं दिवसाचे चोवीस तास कशात घालवतात याची पहिली देशव्यापी पाहणी २०१९मध्ये झाली, दुसरी २०२४मध्ये, प्रत्येक वेळी सुमारे १ लाख ३९ हजार कुटुंबांत. (१९९८-९९मध्ये सहा राज्यांत चाचणी झाली होती, ‘साइट’प्रमाणेच तिच्यातही महाराष्ट्र नव्हता.) सर्वेक्षक घरी येतो आणि आदल्या दिवशी पहाटे चारपासून आज पहाटे चारपर्यंत काय काय केलंत ते अर्ध्या-अर्ध्या तासाने विचारतो. सहा वर्षांवरच्या भारतीयांच्या दिवसातला ९.९ टक्के वेळ २०१९मध्ये संस्कृती, विरंगुळा, प्रसारमाध्यमं आणि खेळ यांत जात होता. २०२४मध्ये तो ११ टक्के झाला. म्हणजे अडीच तासांच्या थोडं वर. त्यात क्रिकेटही आलं आणि मोबाईलही.

हा आकडा हाती धरून कुणी पडद्याविषयी छातीठोक बोलू लागला तर मी सावध होतो. त्या पाहणीत एका अर्ध्या तासात फार तर तीन कामं नोंदवली जातात, तीही दहा मिनिटं किंवा जास्त चाललेली. भाजी चिरता चिरता चार मिनिटं पाहिलेला व्हिडिओ, बसथांब्यावरची सहा मिनिटं, अंथरुणात पडल्यावर ‘एकच शेवटचं’ म्हणून पाहिलेली आठ रील्स यातलं काहीच त्या कागदावर उतरत नाही. टीव्हीच्या जमान्यासाठी ही चाळणी पुरेशी होती. फोनचा बराच वेळ तिच्यातून गळून जातो. १९७३मधला मुंबईकर कितीही शौकीन असला तरी केंद्र चालू असेल त्याहून एक मिनिटही जास्त पाहू शकत नव्हता, एवढं खात्रीने सांगता येतं. २०२४च्या माणसाबद्दल तेवढंही सांगता येत नाही.

नेमका हिशेब आहे तो फोनमध्येच. २०१८पासून अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींनी तो सेटिंगमध्ये ठेवला आहे: आज किती तास, कुठल्या ॲपवर किती, दिवसातून किती वेळा फोन उघडला, सगळं. तेव्हा पुढच्या पाहणीत सर्वेक्षक तुमच्या दारात आलाच, तर आठवून, अंदाजाने, थोडं चोरून असं काही सांगू नका. त्याला बसवा, पाणी द्या आणि ते पान उघडून दाखवा.